खोड

लहानपणी आजोबांबरोबर मी दोनदा खरसुंडीच्या जनावरांच्या बाजाराला गेले होते. सांगली जिल्ह्यात, आटपाडी तालुक्यात, सिद्धनाथाची पौषात यात्रा भरते आणि त्या यात्रेत खिलार बैलांचा मोठा बाजार असतो. पांढरीशुभ्र, उंच, लांब शिंगांची खोंडे ओळीने बांधलेली असत. शिंगांना तेल, अंगावर झुली, गळ्यात घुंगरमाळा. आजोबा या सजावटीकडे पाहतही नसत. ते आधी बैलाचा जबडा उघडून दात पाहत. आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की पुरता जुळलेला, हे दातांवरून कळते आणि तेवढ्या एका बाबतीत मालकाला काही लपवता येत नाही. मग ते बैलाला चार पावले चालवायला सांगत, मागे जाऊन खुरे पाहत, आणि सगळ्यात शेवटी मालकाला एकच प्रश्न विचारत, “खोड काय?” कुठला बैल पाण्यात पाय घालत नाही, कुठला मान टाकतो, कुठला डावीकडे जुंपला की ओढत नाही. काही ना काही असतेच. “काहीच खोड नाही” म्हणणाऱ्याच्या हातात आजोबा कासरा परत देत आणि पुढे जात. ज्याने खोड सांगितली, त्याच्याशीच रुमालाखाली बोटे दाबून भावाची बोलणी सुरू होत.

हे सगळे मी विसरून गेले होते. चाळीस वर्षांनी मिरजेतल्या एका घरात, गोणपाटाखाली झाकलेल्या जुन्या मशीनसमोर उभी असताना ते मला शब्दाशब्दाने आठवले.

मी कोल्हापुरात चामड्याच्या पिशव्या, पट्टे आणि वह्यांची आवरणे शिवते. बारा वर्षे सगळे काम हातानेच केले. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावायच्या, आरीने छिद्र पाडायचे आणि दोन्ही सुया एकाच छिद्रातून समोरासमोर ओढायच्या. या टाक्यातला एक दोरा तुटला तरी दुसरा धरून राहतो, म्हणून मला तो आजही सर्वांत विश्वासाचा वाटतो. पण हळूहळू माझ्याकडे दुरुस्तीची कामे येऊ लागली. कुणाच्या वडिलांची वकिलीची बॅग, कुणाच्या आजीची तिजोरीच्या किल्ल्यांची पर्स, कुणाचा कॅमेऱ्याचा जुना खोका. अशी वस्तू पूर्ण शिवून बंद झालेली असते आणि फाटलेली असते ती नेमकी आतल्या कोपऱ्यात, जिथे दोन हात एकदम जात नाहीत. अस्तर उसवून, काम करून, पुन्हा अस्तर शिवायचे म्हणजे शंभर रुपयांच्या टाक्यासाठी दिवस घालवायचा. त्या कोपऱ्यात शिरणारे मशीन एकच, आणि ते प्रत्येक जुन्या चांभाराच्या दुकानात कधी ना कधी आपण पाहिलेले असते: एका बाजूला लांब, निमुळता लोखंडी हात पुढे आलेला, त्यावर बूट मोज्यासारखा चढवलेला, आणि वर उंच डोके.

सिंगर कंपनीचे २९के हे या जातीचे सर्वांत प्रसिद्ध मशीन. नावातला ‘के’ म्हणजे किलबोवी. स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँक गावी कंपनीचा प्रचंड कारखाना होता, त्या जागेचे हे नाव. मशीनची करामत दोन गोष्टींत आहे. पहिली त्याच्या हातात. फूटभर लांबीचा हा हात टोकाकडे इतका बारीक होत जातो की तो लहान मुलाच्या बुटातही शिरतो. खालचा दोरा पुरवणारी शटल आणि बॉबिन त्या अगदी टोकाशी बसवलेली असतात. दुसरी करामत पायात. कापडाच्या साध्या मशीनमध्ये खालची दातेरी पट्टी कापड पुढे सरकवते. इथे खाली असे काही नसते. वरचा पायच चामड्यावर टेकतो, ते पकडून एक टाका पुढे नेतो, उचलला जातो आणि परत जागेवर येतो. हा पाय गोल फिरवता येतो, त्यामुळे बूट हलवायची गरज पडत नाही. बूट आहे तिथेच राहतो आणि शिलाईची दिशा बदलते.

याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, कारण त्या माहीत नसल्याने पुष्कळ जण पैसे घालवतात. हे दुरुस्तीचे मशीन आहे. बॉबिन इतकी लहान असते की लांब शिलाईत ती मध्येच संपते. जाड दोरा त्याला पेलत नाही. मऊ चामड्यावर पायाच्या दात्यांचे ठसे उठतात. कमरेचे पट्टे किंवा चपलांचे तळ यावर शिवू असे समजून घेणाऱ्याची निराशा ठरलेली आहे. सुयाही त्याच्या वेगळ्या लागतात: २९×३ क्रमांकाची चामडे कापत जाणारी आणि २९×४ गोल टोकाची. घरातल्या मशीनची सुई यात चालत नाही. मला हवे होते ते कोपऱ्यात शिरणारे, आणि ते काम याच्याइतके कुणी करत नाही.

पहिल्यांदा मी फसले. एका मोठ्या शहरातल्या जुन्या मशीनच्या व्यापाऱ्याने फोटो पाठवले. काळा चकाकता रंग, सोनेरी अक्षरे, चांदीसारखे लखलखणारे चाक. मी २६,००० रुपये पाठवले आणि आठवड्याने लाकडी खोक्यातून मशीन आले. पहिल्याच दिवशी लक्षात आले की टाका लांब होत नाही. स्क्रू सैल केला, पट्टी शेवटपर्यंत सरकवली, तरी इंचाला नऊ-दहा टाके पडत. चामड्यात एवढी जवळजवळ छिद्रे पडली की ते पोस्टाच्या तिकिटासारखे त्याच ओळीवर फाटते. ते मी कसेबसे चालवून घेतले. दोन महिन्यांनी एका जाड कोपऱ्यावर चाक ओढताना कट्कन आवाज आला आणि हाताच्या बुंध्याशी रंगावर केसासारखी रेघ उमटली. नखाने खरवडले तेव्हा रंगाखालून लांबी, म्हणजे भेगा बुजवायचे पुट्टीसारखे मिश्रण, निघाली, आणि लांबीखाली जुनी भेग. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वाकत नाही, तुटते, आणि तुटलेले बीड जोडणे अवघड काम आहे. जोडले तरी हात पूर्वीच्या रेषेत येईल याची खात्री नसते, आणि इथे रेष अर्ध्या मिलिमीटरने चुकली तर सुई शटलला आपटते. व्यापाऱ्याला फोन केला. फोटोत दिसले तेच पाठवले, असे उत्तर मिळाले. खोटे काहीच नव्हते त्यात. फोटोत रंगच दिसत होता.

बेंदराला आमच्याकडे बैलांची शिंगे रंगवतात. हिंगूळ, बेगड, गोंडे. पण तो बैलाचा सण असतो, त्या दिवशी कुणी बैल विकायला काढत नाही. बाजारात रंगवलेले शिंग दिसले की जाणता माणूस ते खरवडून पाहतो. मी खरवडले नाही.

त्यानंतरचे वर्षभर मी मशीन घेतले नाही, मात्र मशीन पाहायला जात राहिले. कोल्हापूरच्या चप्पल लाईनमागच्या दुकानांत, सुभाषनगरच्या कारागिरांकडे, इचलकरंजीत, सांगलीत. जिथे असे मशीन चालू दिसेल तिथे उभी राहून पाहायचे, परवानगी मिळाली तर हात लावायचा. त्यातून झीज वाचायला शिकले. झीज सगळीकडे सारखी नसते आणि सगळीच झीज वाईट नसते. पाटावरची सोनेरी वेल जिथे पुसली गेली आहे, तिथे माणसाचा हात टेकत होता. ती झीज पाहून मला बरे वाटते, कारण त्यावरून मशीन चालते होते हे कळते. हाताच्या टोकाशी लोखंड आरशासारखे झाले असेल तर हजारो बूट तिथून सरकले आहेत. ज्या मशीनची वेल जशीच्या तशी आहे पण चाक फिरत नाही, ते वीस वर्षे कोपऱ्यात पडलेले असते आणि त्यातले तेल गोंदासारखे घट्ट झालेले असते. ते घासलेटाने सुटते. गंज मात्र खोल गेला असेल तर सुटत नाही.

वाईट झीज असते ती दातांत. मशीनच्या हातात आतून एक लांब दातेरी दांडी पुढेमागे सरकते, तिचे दात टोकाशी असलेल्या लहान गिअरमध्ये बसतात आणि त्यामुळे शटल फिरते. हे दात झिजले की वर सुई वेळेवर येते पण खाली शटलला उशीर होतो, आणि टाका सुटतो. पाहण्याची रीत साधी आहे. चाक एका हाताने घट्ट धरायचे, दुसऱ्या हाताच्या बोटाने शटल हलवून पाहायची. किंचित हलली तर ठीक. खुळखुळली तर दात गेले. दुसरी जागा पाय सरकवणाऱ्या सांध्यांची. तिथल्या पिना आणि भोके झिजली की पाय पुढे जायचे अंतर त्या ढिलाईतच संपून जाते. माझ्या पहिल्या मशीनचा टाका याच कारणाने आखडलेला होता. तेव्हा मला ते वाचता येत नव्हते.

म्हणजे इथेही आधी दातच पाहायचे होते. दात पाहिल्यावर मात्र मालकाला विचारण्याचे राहतेच. मशीन रोज ज्याच्या हाताखाली होते, त्यालाच त्याची वागणूक माहीत असते. मधल्या व्यापाऱ्याला ती माहीत नसते, किंवा असली तर सांगणे परवडत नाही.

सुभाषनगरात मी ज्यांच्याकडून चामडे घेते, त्यांनी सांगितले की मिरजेत एक जुने कारागीर दीड वर्षापूर्वी वारले, मुले नोकरीला बाहेर आहेत, मशीन घरात आहे, मालकिणीला विकायचे आहे. रविवारी सकाळी मी निघाले. पिशवीत विजेरी, दंतवैद्याचा असतो तसला छोटा आरसा, दोन प्रकारच्या सुया, दोरा, आणि वेगवेगळ्या जाडीचे चामड्याचे तुकडे घेतले होते.

घर दोन खोल्यांचे. मावशी सत्तरीच्या असाव्यात. “बसा वो ताई, आधी च्या घ्या,” म्हणाल्या. मी बसले आणि चहा घेतला, आणि त्या चहाबद्दल इथे लिहायलाच हवे. माझ्या आजोबांच्या तरुणपणी विहिरीवर मोट चाले. मोटेचे कातडे कमावणारे ढोर समाजाचे, पायताण आणि आसूड करणारे चांभार समाजाचे. कमावणे हा आपल्या भाषेत कातड्यासाठीही शब्द आहे आणि पैशासाठीही, आणि या माणसांनी पहिले करूनही दुसरे त्यांच्या वाट्याला सुगीच्या चार पेंढ्यांपलीकडे आले नाही. ज्यांच्या हातच्या मोटेतून आमच्या मळ्याला पाणी मिळे, त्यांना आमच्या घरी पाणी वरून ओंजळीत ओतले जाई. बैलाची खोड विचारल्याशिवाय व्यवहार न करणारे माझे आजोबा हे रोज पाहत होते आणि त्यात त्यांना काही वावगे दिसत नव्हते. ही आमच्या घराची खोड आहे. आता मी त्याच चामड्याला कला म्हणते, लोक मला त्याचे चांगले पैसे देतात, आणि ज्यांनी पिढ्यान्पिढ्या हे काम केले त्यांची मुले ते सोडून गेली याचे कुणी नवल करू नये.

चहा झाल्यावर मावशींनी गोणपाट काढले. खाली वेल जवळजवळ पूर्ण पुसलेली होती. चाकाच्या लाकडी मुठीला बोटांच्या जागी खाचा पडलेल्या होत्या, आणि पायाखालच्या बिडाच्या जाळीवरची नक्षी डाव्या बाजूला सपाट झाली होती. खिळ्याला एक लांब तार टांगलेली होती, तिच्या टोकाला बारीक हूक. या मशीनमध्ये दोरा वरून डोक्याच्या पोकळीतून खाली सुईपर्यंत यावा लागतो, आणि तो ओढून आणण्यासाठी अशी तार लागते. कंपनीची तार कधीच हरवली असणार. ही सायकलच्या आऱ्यापासून केलेली होती, आणि तिच्या वरच्या टोकाला ती पटकन दिसावी म्हणून लाल दोरा गुंडाळलेला होता.

मी विजेरी लावली, आरसा धरला, चाक धरून शटल हलवून पाहिली. किंचितच हलली. दात शाबूत होते. मी सुई लावायला घेतली, तेवढ्यात मावशी म्हणाल्या,

“ताई, आधी सांगत्ये. डावीकडं वळवलं की टाका आखडतो त्याचा. धा-बारा वर्सं झाली. लई हुडकलं त्येनी, पर कुठं बिघाडलंय घावलं न्हाई. त्ये मग डावीकडं शिवताना बोट लावायचे.”

आणि त्यांनी उठून दाखवले. डाव्या हाताचे पहिले बोट पायाच्या शेजारी चामड्यावर ठेवायचे आणि पाय पुढे जाताना त्याच्याबरोबर अगदी थोडे सरकवायचे. ढकलायचे नाही, ढकलले तर सुई वाकते. त्यांच्या यजमानांच्या त्या बोटाच्या बाजूला घट्टा पडला होता, तोही त्यांनी आपल्या बोटावर जागा दाखवून सांगितला.

मी पिशवीतला तुकडा घेतला आणि त्यावर चौकोन शिवला. प्रत्येक बाजूला पाय फिरवला, चामडे जागेवरच ठेवले. नंतर पट्टी लावून मोजले. तीन बाजूंना इंचाला सहा टाके होते, चौथ्या बाजूला आठ. मावशींनी सांगितले होते तेवढेच, आणि तेच. मग त्यांनी तो चौकोन हातात घेतला, उलटा केला, अंगठ्याने खालचा दोरा चाचपला आणि म्हणाल्या, “खालचा दोरा सैल हाय. बॉबिन कुणी भरली?” बॉबिन मी घरून भरून आणली होती.

तेव्हा कळले की चाळीस वर्षे या मशीनच्या सगळ्या बॉबिन त्यांनीच भरल्या होत्या. बॉबिन एवढीशी, म्हणून दिवसाला कितीतरी लागत. यजमान सकाळी पेटी घेऊन बसायचे आणि मावशी घरातले काम उरकता उरकता डब्यात भरलेल्या बॉबिन टाकत जायच्या. मिरज हे दवाखान्यांचे गाव. पोलिओ झालेल्या मुलांच्या पायाला आधार देणाऱ्या सांगाड्याचे, म्हणजे कॅलिपरचे, पट्टे, उंच टाचेचे एका पायाचे बूट, ही कामे त्यांच्याकडे येत, आणि असल्या कामात दोरा कमी-जास्त ताणाचा चालत नाही, कारण पट्टा सुटला तर मूल पडते. म्हणून बॉबिन भरताना दोरा दोन बोटांत सारखा धरून ठेवायचा, मध्ये कुणी हाक मारली तरी सोडायचा नाही. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर, पेराच्या आतल्या बाजूला, एक बारीक पांढरट रेघ होती. हे मशीन दोघांचे होते. गिऱ्हाइकांना त्यातला एकच माणूस दिसत असे.

मग भावाचे बोलणे निघाले. मावशींनी पंधरा हजार सांगितले, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, “खोडीचे दोन कमी करा. तेरा द्या.” भंगारवाला वजनावर दोन हजारांच्या पुढे जात नव्हता, हेही त्यांनीच सांगितले, लपवायचे त्यांना काही सुचतच नव्हते. मी पंधरा देत होते, त्या तेराच घेणार म्हणत होत्या. मला त्या दोन हजारांची सूट घेणे जमेना, कारण ती खोड त्यांनी सांगितली नसती तर मी ती चौकोन शिवून शोधली असती, पण बोट लावायची रीत मला कधीच कळली नसती. लपवलेल्या भेगेचे मी पूर्वी सव्वीस हजार दिले होते. सांगितलेल्या खोडीचे पैसे कापायचे हे मला उलटे वाटले. बराच वेळ असे चालले. शेवटी त्यांनी पंधरा घेतले आणि आतून एक पत्र्याचा डबा आणून माझ्या हातात ठेवला. “मग ह्यो बी न्या.” डब्यात नऊ बॉबिन होत्या, सगळ्या भरलेल्या, पाच काळ्या, तीन तपकिरी आणि एक पांढरी.

टेम्पोने मशीन कोल्हापूरला आणले. पहिले चार दिवस साफसफाईत गेले. घासलेट आता सहज मिळत नाही, म्हणून डिझेल वापरले, ब्रशने सांध्यासांध्यात सोडले, चाक हळूहळू फिरवत राहिले. काळे पाणी निघत होते, त्यात चामड्याचा भुगा, मेण, आणि दोऱ्यांचे बारीक तुकडे. मळाखालून क्रमांक दिसला. त्याच्या आधीचे अक्षर ‘वाय’ होते, म्हणजे मशीन दोन महायुद्धांच्या मधल्या काळातले. किलबोवीचा कारखाना त्या वेळी जगातल्या मोठ्या कारखान्यांपैकी एक होता. १९१३ या एका वर्षात तिथून सुमारे १३ लाख मशीन बाहेर पडली होती. त्याच्या मनोऱ्यावर २६ फूट व्यासाच्या चार तबकड्यांचे घड्याळ होते आणि सगळे क्लाइडबँक त्यावर उठत-बसत असे. ते घड्याळ १९६३ मध्ये बंद झाले, कारखाना १९८० मध्ये. आता तिथे ‘सिंगर’ नावाचे रेल्वे स्थानक उरले आहे.

त्या कारखान्याच्या इतिहासातली एक गोष्ट मला तेव्हापासून फार जवळची वाटते. १९११ च्या मार्चमध्ये तिथे मोठा संप झाला. मशीनच्या लाकडी पेट्यांना पॉलिश करण्याच्या विभागात १२ स्त्रियांवर कामाचा बोजा वाढवण्यात आला, त्यावरून ठिणगी पडली, आणि बघता बघता सुमारे ११,००० कामगार बाहेर पडले. संप मोडला आणि त्यात पुढाकार घेतलेल्यांपैकी शेकडो जणांना काढून टाकण्यात आले. मशीनवर कंपनीचे नाव पितळेत कोरलेले आहे. लाकडाला पॉलिश करणाऱ्या हाताचे तिथे काही नाही, आणि बॉबिन भरणाऱ्या हाताचेही नाही. डिझेलने ती पितळी चकती पुसताना मी पहिल्यांदा हे लक्ष देऊन पाहिले.

साफसफाई झाल्यावर डावीकडचा टाका मोजला. आठच होता. मग मी शिवाजी उद्यमनगरात एका टर्नरकडे गेले. कोल्हापूरच्या या भागात लेथवर काम करणारी माणसे अशी आहेत की नमुना दाखवला तर कुठल्याही देशातल्या, कुठल्याही काळातल्या यंत्राचा भाग करून देतात. टर्नरने पाय सरकवणारा सांधा सोडवला, पिन काढली, भोकात करंगळी घातली आणि मला म्हणाला, “मॅडम, हे भोक गोल राहिलेलं नाही. लंबगोल झालंय, आणि एकाच अंगाला.” मी विचारले, एकाच अंगाला का? तो म्हणाला की एकच काम रोज एकाच बाजूने केले की असेच होते. मला कॅलिपरचे पट्टे आठवले. एकाच दिशेने, एकाच लांबीची शिलाई, वर्षानुवर्षे. जिकडे काम जास्त झाले, तिकडे लोखंड गेले.

एवढे झाल्यावर मी थोडी घुटमळले, हे कबूल केले पाहिजे. ते भोक पुन्हा गोल करायचे म्हणजे त्या माणसाने केलेल्या कामाचा एक पुरावा पुसायचा, असे क्षणभर वाटले. पण मग वाटले की त्यांनी स्वतः दहा-बारा वर्षे हा बिघाड शोधला होता. सापडला असता तर त्यांनी तो एका दिवसात काढून घेतला असता. मी टर्नरला म्हटले, करा. त्याने भोक मोठे करून त्यात गनमेटलचा बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, ठोकला, नवीन पिन ओढली, तेल सोडले. आठशे रुपये घेतले. जुनी पिन मी मागून घेतली. एका बाजूने ती इतकी खाल्ली गेली आहे की टेबलावर ठेवली तर गडगडत नाही.

त्या संध्याकाळी पुन्हा चौकोन शिवला. चारही बाजूंना इंचाला सहा टाके आले. मी तो तुकडा दिव्याखाली कितीतरी वेळ धरून बसले. त्यानंतर पहिले काम केले ते एका निवृत्त शिक्षकांच्या बॅगेचे. आतला कोपरा फाटलेला होता, मशीनचा हात सरळ आत गेला आणि अस्तर न उसवता दहा मिनिटांत शिलाई झाली. डावीकडे वळताना माझे बोट आपोआप चामड्यावर गेले होते. ते मी उचलून घेतले.

डब्यातल्या बॉबिन मी एकदम वापरल्या नाहीत. तपकिरीपैकी एक त्या बॅगेला वापरली, कारण रंग जुळत होता. शिलाई संपेपर्यंत तिच्या दोऱ्याचा ताण कुठे कमी-जास्त झाला नाही. नंतर माझ्या भरलेल्या बॉबिनवर शिवले आणि दोन्ही तुकडे उलटे करून शेजारी ठेवले. फरक डोळ्यांना दिसत होता.

मग मी मावशींना फोन केला. मशीन चांगले चालते आहे, बिघाड सापडला, एक भोक झिजले होते, बुश बसवला, आता डावीकडचा टाकाही पूर्ण पडतो, असे सगळे सांगितले. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मला वाटले फोन तुटला.

“कुठलं भोक?” त्यांनी विचारले.

मी सांगितले. पाय सरकतो तो सांधा, वरच्या बाजूचा, आतली पिन.

“तिथं न्हाई बघितलं त्येनी,” त्या म्हणाल्या. “खालीच हुडकत ऱ्हायले.” पुन्हा थोडा वेळ गेला. “म्हंजी आता बोट लावाय नगं?”

“नको, मावशी.”

“आन् बॉबिन कोण भरतंय?”

“मीच भरते.”

“सैल भरू नका,” त्या म्हणाल्या. “या एकदा इकडं. दावते.”